दादाने चालू केलेलं जुनं युनिक्स

माझा दादा आंधळा होऊन गेला.

"डोळे मिटले" असं कोणी लिहिलं की मला राग येतो. त्याचे डोळे आधीच गेले होते.

आज वर्ष झालं.

संदेशदादा मीरा रोडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये विंडोज एक्सपी शिकवायचा. आणि नवघरला घरी आला की स्वतः मागे मागे जायचा. विंडोज ९५, त्याच्या आधीचं, मग डॉस.

एम्युलेटर नावाचं सॉफ्टवेअर असतं. ते आपल्या पीसीच्या आत जुना कॉम्प्युटर उभा करतं. त्यात या बंद पडलेल्या सिस्टिम्स परत चालतात.

"मनू, यावर लोकांचे पगार झालेत, रिझल्ट लागलेत. आता कोणी बघत पण नाही गं."

मग त्याला बाजूचं दिसेनासं झालं. रिक्षाखाली येता येता वाचला, तेव्हा कळलं.
मेंदूत गाठ. डोळ्यांच्या नसेवर दाबत होती.

आयकॉन दिसेनात, म्हणून तो आणखी जुन्याकडे वळला. काळी स्क्रीन, मोठी हिरवी अक्षरं. तेवढी वाचता यायची.

आमच्या जन्माआधीचं एक युनिक्स, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरवरची जुनी सिस्टिम, त्याला चालू करायचं होतं. दर वेळी अर्ध्यात अडकायचं.

आई म्हणायची, "बाला, डोल्यांना आराम दे. काय हाय त्याच्यात?"

"आई, डोळे राहिलेत कुठे?"

आई आत गेली.

शेवटी हिरवं पण दिसेना. तो टाइप करायचा, मी स्क्रीन वाचायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी वाचलं, "एल, ओ, जी, आय, एन. पुढे दोन टिंबं."

"परत वाच."

"लॉगिन! दादा, लॉगिन आलंय!"

युनिक्स चालू झालं होतं. तो रडला. गाठ कळली तेव्हाही रडला नव्हता.

मग कमांड देत गेला, मी फायलींची नावं वाचत गेले.
मधेच म्हणाला, "कोणीतरी बसून ठेवलीत ना ही नावं? असेल का गं तो माणूस अजून?"

"माहीत नाही रे."

"स्क्रीन कशी दिसतेय?"

"काळी. अक्षरं एकदम स्वच्छ."

"मस्त."

ऑपरेशननंतर तो शुद्धीवर आलाच नाही.

मी नंतर ते चालू करायला बसले होते. खूपदा. नाही जमलं.
काय टाइप करायचं ते फक्त त्याच्या बोटांना माहीत होतं.

दादा, तुला माझा आणि आईचा शेवटचा नमस्कार.