शेवटची पायरी

समजा, तुमच्यापुढे ज्वारीची अर्धी भाकरी आहे आणि ती संपवायची आहे. भूक कशी लागते ते तुम्ही विसरला आहात. समोर बसलेल्या आईची नजर तुमच्या हातावर आहे. पहिला तुकडा मोडा.

रेणापूरची पुनम दोन वर्षं हे रोज करतेय.

त्याआधी लातूरला नीटच्या क्लासला आल्यावर, चाचणीत मार्क घसरले की ती रात्रीचा डबा तसाच परत पाठवायची. आधी शिक्षा म्हणून, मग सवयीनं. पोट रिकामं असलं की काहीतरी आपल्या ताब्यात आहे असं वाटायचं. मेसच्या जगदेवीमावशींनी विचारलं की उत्तर तयार असायचं, "उपास हाय."

"तुझे वार तरी किती गं? देव बी दमला असंल."

मग पाळी थांबली. फोनवर हे ऐकून आईला, सिंधुबाईंना, हायसंच वाटलं. मुलीच्या मेडिकलच्या अ‍ॅडमिशनसाठी गुरुवारचं व्रत त्यांनीच धरायला लावलं होतं. "बरंच झालं की. आता एक बी गुरुवार मोडायचा न्हाई."

एका सकाळी हॉस्टेलची शेवटची पायरी उतरताना पुनमच्या खुब्यात काडकन आवाज झाला.

एक्स-रे पाहून डॉक्टर देविका यांनी विचारलं, "कुठून पडलीस?"

"पडले न्हाई. पायरी उतरले."

"पाळी कधी आली होती?"

पुनमनं आईकडे पाहिलं. गावाहून धावत आलेल्या सिंधुबाईंनीच गुरुवारचं सगळं सांगितलं.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "अन्न पुरेना म्हणून शरीरानं पाळी बंद केली, ताई. तिच्याबरोबर हाडं घट्ट ठेवणारं हार्मोनही घटलं. या वयात हाडं भरायची असतात. हिची झिजत होती."

खुब्यात स्क्रू बसले. सिंधुबाई लहानपणी किल्लारीच्या भूकंपात भिंतीखाली सापडल्या होत्या. मोडलेला पाय सांधला होता. घरी जाताना गाडीत त्या एवढंच बोलल्या, "माझ्यावर घर पडलं होतं गं. तुझ्यावर काय पडलं?"

त्याला दोन वर्षं झाली. आता पुनमचं वजन वाढलंय, पाळी येतेय, जेवणाच्या भीतीबद्दल ती समुपदेशकांशी बोलते. सिंधुबाईंनी व्रताचं उद्यापन केलं. गुरुवारीही ताट वाढलं जातं. तरी कुठल्याही जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती थांबते, कान देते, मग पाय टाकते.

परवा हाडांच्या घनतेची तपासणी पुन्हा झाली. आकडा वर सरकलाय, पण तिच्या वयाच्या मुलींच्या मानानं अजून कमीच आहे. डॉक्टर म्हणाल्या, खात रहा, पुढच्या वर्षी पाहू. पुनम दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"मॅडम, राहिलेलं हाड भरायचं बाकी हाय, का ते आता भरणारच न्हाई?"