अर्जावरचं कुंकू

ट्रंकेतला तो अर्ज हातात घेतला की अजून तंबाखूचा वास येतो. विलायतेच्या मेडिकल कॉलेजसाठी मी तो निपाणीतल्या आमच्या वखारीत बसून भरला होता. पाकिटात घालणार, तेवढ्यात आईनं कोपऱ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं.

"आई, ही लग्नाची पत्रिका न्हाय गं!" मी ओरडलो.

"व्हय रं, पण काम शुभच हाय की."

दुसरा फॉर्म नव्हता, म्हणून तसाच बोटीच्या टपालानं पाठवला. चार महिन्यांनी नकाराच्या पत्रासोबत तो परत आला. मी कुंकवाला दोष दिला आणि कितीतरी दिवस आईशी धड बोललो नाही.

आईचा फोटो आम्ही कधी काढला नाही. अर्ज मंजूर झाला असता, तर तिच्या बोटाचा हा ठसा विलायतेतच राहिला असता.