सॅक्सोफोनवालीची हनुवटी

पवित्राने हनुवटी करून घ्यायची ठरवली, तेव्हा घरात कुणाला विचारलं नाही, सांगितलं. सांगितलं तेही डोशाच्या तव्यापुढे, पाठमोरी उभी राहून. "आई, आषाढात मी हनुवटीचं ऑपरेशन करून घेणार. आत सिलिकॉन बसवतात. एकदा बसवलं की झालं." सरस्वतीबाईंनी कॉफीचा पेला खाली ठेवला.

देवराज मोहल्ल्यातलं हे मराठा घराणं. पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या फौजेत घोड्यावर होते म्हणतात. आता घोड्याच्या जागी स्कूटर आहे आणि तलवारीच्या जागी सॅक्सोफोन, आणि दोन्ही पवित्राच चालवते. पस्तिशीची, उंचनिंच, आवाज खणखणीत. लग्न तिने एकदा करून पाहिलं, निभत नाही म्हटल्यावर सोडून दिलं, आणि दुसऱ्यांच्या लग्नात वाजवण्यात तिला जास्त सुख आहे असं ती कुणालाही हसत सांगते. तेव्हा ही हनुवटी नवऱ्यासाठी चालली आहे असा तर्क ज्या शेजारणींनी केला, त्यांनी तो खुशाल जपून ठेवावा.

खरं कारण होतं गट्टीमेळ. इकडच्या लग्नात ताळी, म्हणजे मंगळसूत्र, बांधायच्या क्षणाला भटजी हात उंचावून "गट्टीमेळ, गट्टीमेळ!" ओरडतात आणि सगळी वाद्यं एकदम जोरात उठतात. नेमके त्याच क्षणी सगळे कॅमेरेही उठतात. त्यामुळे म्हैसुरातल्या कितीतरी घरांच्या अल्बममध्ये वधूवरांच्या मागे पवित्रा आहे, बाजूने टिपलेली: बोटं ऐटीत, डोळे मिटलेले, आणि ओठाखाली थेट गळा. मध्ये हनुवटी म्हणून जे काही असायला हवं, ते फोटोत जवळजवळ दिसतच नाही. वाजवणं ऐकून लोक माना डोलावतात आणि फोटो बघून ती स्वतः मान फिरवते, हे तिला आता पुरे झालं होतं.

"माझीपण अशीच आहे की गे," सरस्वतीबाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी एक दिवस तरी काही म्हटलं काय? सुम्ने, उगाच काहीतरी डोक्यात घेतेस."

"तुला कुणी ताळीच्या वेळी बाजूने फोटोत धरलं नाही, आई."

 आपली हनुवटी मुलीला नकोशी झाली, याचं सरस्वतीबाईंना वाईट वाटलं आणि त्यांनी डोसा अर्धाच टाकला. पवित्राला ते कळत होतं. तिने आईच्या आवडीचा बिसीबेळेभात केला, पण बेत काही बदलला नाही.

डॉक्टर सुप्रीतांचा दवाखाना जयलक्ष्मीपुरमला. बाई तरुण, कन्नडात भरभर बोलणाऱ्या, पण पेशंटचं ऐकून घेणाऱ्या. त्यांनी पवित्राच्या चेहऱ्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि दोन्ही रस्ते समोर ठेवले. एक, ऑपरेशन: तोंडातून किंवा हनुवटीखालून छेद देऊन हाडावर सिलिकॉनचा तुकडा बसवायचा, सूज उतरायला वेळ लागतो, पण काम कायमचं. दुसरा, सुई: फिलर नावाचं जेल हाडाशी भरायचं, अर्ध्या तासात मोकळं, पण वर्षा-दीड वर्षात ते विरतं, मग पुन्हा टोचायचं. पसंत पडलं नाही तर विरघळवताही येतं.

"कायमचंच करा," पवित्रा म्हणाली. तिला धरसोड आवडत नाही. "दरवर्षी सुया टोचून घ्यायला मी काय पिनांची उशी आहे?"

डॉक्टर हसल्या आणि लिहिता लिहिता विचारलं, काम काय करता. "सॅक्सोफोन वाजवते," म्हटल्यावर त्यांचं लिहिणं थांबलं.

"मग एक गोष्ट नीट ऐका. हनुवटीजवळून ओठाची नस जाते. ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचा खालचा ओठ काही आठवडे बधिर राहतो, कधी काही महिने. बहुतेकांचा पूर्ववत होतो. क्वचित एखाद्याचा पूर्ण होत नाही."

"बधिर म्हणजे हलत नाही?"

"हलतो. कळत नाही."

हलतो ना, मग झालं, असं म्हणून पवित्रा स्कूटरवर बसली खरी. पण घरी येऊन सरावाला बसली आणि पंचाईत झाली. सॅक्सोफोन वाजवताना खालचा ओठ दातांवर आत दुमडतात आणि त्यावर रीड टेकते, वेताची पातळ पट्टी. सूर निघतो तो त्या पट्टीच्या थरथरण्यातून. ती थरथर तिच्या ओठाला इतकी वर्षं लागत होती, की तिने कधी तिच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. आता त्या थरथरीखेरीज दुसरं काही सुचेना. हे गेलं तर? नुसतं आषाढापुरतं नाही, श्रावणातही आलं नाही तर? इकडे आषाढात लग्नं नसतात, वाजवणाऱ्यांना महिनाभर सुट्टी; श्रावणात ती पुन्हा सुरू होतात. सुपाऱ्या मात्र श्रावणापासून दसऱ्यापर्यंत लागलेल्या होत्या, पहिलीच बेट्टदपुरच्या लग्नाची.

दुसरी कुणी असती तर चार जणांना विचारत बसली असती. पवित्रा पुढच्या भेटीला वाद्याची पेटी घेऊनच गेली. सरस्वतीबाईही बरोबर होत्या; मुलगी काय करून घेते ते डोळ्यांनी बघायला.

"डॉक्टर, दाताचे डॉक्टर बधिर करायची सुई देतात, तशी ओठाला द्या. मला वाजवून बघायचं आहे."

 डॉक्टर सुप्रीता म्हणाल्या, "असं मला आजवर कुणी मागितलं नव्हतं," आणि हातमोजे चढवले.

सुई दिली. थोड्या वेळाने खालचा ओठ दुसऱ्याच कुणाचा असावा तसा झाला. पवित्राने पट्टा गळ्यात घातला, रीड ओली केली आणि मोहना राग धरला. दवाखान्यात सूर भरला. बाहेर बसलेली माणसं दारात येऊन उभी राहिली. सरस्वतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मध्येच पवित्रा थांबली. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि तिला पत्ता नव्हता.

"इतकं गोड कधी वाजवलं नव्हतंस गे," सरस्वतीबाई म्हणाल्या. डॉक्टरांनीही मान डोलावली.

पवित्राचा चेहरा मात्र उतरला होता. बोटं सवयीने पळाली होती. सूर कानाला बाहेरून कळत होता, रेडिओवर कळावा तसा. आपण वाजवतो आहोत असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. ती फारशी कशाला घाबरणारी बाई नाही. त्या खुर्चीवर ती घाबरली, आणि घाबरल्याचं तिने लपवलंही नाही.

"आई, ते मी नव्हते," ती बोबड्या ओठाने म्हणाली.

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, की ऑपरेशननंतर ओठ बहुधा पूर्ववत होईल. "बहुधावर मी वाजवत नाही, डॉक्टर," पवित्रा म्हणाली. "सुईचं करू."

"त्याने हनुवटी थोडीच पुढे येईल हं. ऑपरेशनइतकी नाही. तुमची फार आखूड नाही म्हणून तरी सुई चालेल. आणि तीही खेळ नाही. काळंनिळं होतं, जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर धोका असतो, म्हणून मी हळूहळू भरते. दोन आठवडे वाद्य तोंडाला लावायचं नाही."

"लावणार नाही."

बाहेर आल्यावर सरस्वतीबाईंना आशा वाटली. "एवढं भ्यालीस, तर काहीच नको की. आहे ती परवागिल्ला, चालेल."

"मला हनुवटी हवी आहे गे," पवित्रा म्हणाली. "ओठ देऊन नको, अष्टे, एवढंच."

तिने त्याच आठवड्यात जाऊन फिलर भरून घेतलं. हनुवटीवर जांभळा डाग उठला, तो पिवळा होऊन गेला. सरस्वतीबाईंनी कुरकुरत का होईना, मऊ भात आणि आमटीसारखं पातळ सारू करून घातलं. सूज ओसरली तेव्हा पवित्रा कपाटाच्या आरशापुढे दुसरा आरसा धरून बाजूने उभी राहिली. नटीबिटी झाली नव्हती. ओठ संपतो तिथे गळा लागत नव्हता, मध्ये एक नीटस हनुवटी होती. ती स्वतःवर बेहद्द खूश झाली आणि बराच वेळ तिथून हलली नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या सकाळी तिला दम निघेना. पेटी उघडली, वाद्य जोडलं, ओठ दुमडला आणि फुंकर मारली. पहिलाच सूर फाटला, चिरकला.

"सूर फुटला गे!" स्वयंपाकघरातून सरस्वतीबाई काळजीने धावत आल्या. "ओठ गेला काय?"

पवित्रा हसत होती. इतकी, की वाद्य तोंडाला लावता येईना. घाईत ती रीड भिजवायलाच विसरली होती. कोरडी पट्टी डाव्या कडेला ओठाला टोचली होती, आणि सूर फाटायच्या आधी, कानाला कळायच्या आधी, ते ओठाला कळलं होतं.

"फुटला, आई," ती म्हणाली, "आणि मला आधी कळलं!"