आक्का सही करत नाही

बंदराच्या कचेरीत आक्काचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता, तरी सगळे तिला वचकून असत. वीस वर्षं ती पाण्याखालची चित्रं वाचत होती. बोटीखालच्या यंत्रातून आवाज सोडायचा आणि तळावर आपटून जो परत येईल त्यावरून चित्र उमटवायचं. खडबडीत दगड आवाज चहूकडे उधळतो, म्हणून कुठूनही उजळ दिसतो. गुळगुळीत लोखंड मात्र लबाड. समोरून गेलात तर लख्ख. तिरके गेलात तर आवाज भलतीकडे धाडून नामानिराळं.

नव्या धक्क्यासमोरच्या चित्रात तिला काळी पट्टी दिसली. उजळ काही नाही, नुसती सावली. परवा तिथं पहिली प्रवासी बोट लागणार होती आणि साहेबांना ‘तळ मोकळा’ या दाखल्यावर आक्काची सही हवी होती.

“अहो आक्का, वस्तूच दिसत नाही तर सावली कसली?”

“वस्तू आवाज अडवते, साहेब. आपल्याकडेच परत पाठवेल असं नाही.”

“सहा फेऱ्या मारल्यात.”

“सहाही धक्क्याला समांतर. बोट वळवायचा कंटाळा. एकाच खिडकीतून सहादा डोकावून मागची खोली दिसते का?”

“दोन वर्षं राहिलीत तुमची. नीट निवृत्त व्हा की.”

“नीटच व्हायचंय.”

“मग सोमवारपासून फायलींच्या खोलीत बसा. सही दुसरा करेल.”

आक्काने दाखला ओढला. ‘तळ मोकळा नाही. सावलीवरून उंची माणसाएवढी,’ असं लिहून खाली सही ठोकली.

“करू दे आता दुसऱ्याला. माझ्या सहीशेजारी.”

दुसरा कुणी पुढे आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहणीची बोट चालवणारे मामा आक्काला घेऊन नव्या फेऱ्यांसाठी कुरकुरत निघाले.

“साहेबांनी विचारलं तर?”

“सांगा, आक्काने डोकं खाल्लं.”

“ते त्यांना ठाऊकच आहे.”

आडवी फेरी कोरी गेली. मामांनी तिच्याकडे पाहिलं. तिने नुसता हात तिरका धरला. तिरक्या फेरीत पडद्यावर लांबलचक पांढरी रेघ उमटली. बुडालेला लोखंडी पाईप.

साहेबांनी चित्र बराच वेळ पाहिलं. “ठीक आहे, काढून घेऊ. तेवढा तो कागद बदला.”

“कागद राहील,” आक्का म्हणाली.

प्रवासी बोट चार दिवस उशिरा लागली. आक्काची बदली काही रद्द झाली नाही. सोमवारी ती फायलींच्या खोलीत गेली, खिडकी उघडली, आणि ज्यांच्या फेऱ्या एकाच दिशेने झाल्या होत्या ते सगळे जुने दाखले शोधून टेबलावर वेगळे रचू लागली.