ताटावरचा हात

माणूस हॉटेलात जेवायला जातो ही समजूत आता सोडून द्यायला हवी. तो तिथे फोटो काढायला जातो, गार हवा खायला जातो, आणि शेजारच्या टेबलावर काय आलं ते बघून आपण भलतंच मागवलं म्हणून हळहळायला जातो. जेवायचं असेल तर घरी परत यावं लागतं. हे मी बायकोला पंचवीस वर्षं सांगतोय आणि ती पंचवीस वर्षं एकच उत्तर देते, "तुम्हाला कुठे न्यायची सोय नाही."

आमच्या नवी मुंबईत तर काल जिथे सलून होतं तिथे आज कॅफे असतो. खुर्च्या इतक्या बुटक्या की गुडघे हनुवटीला टेकतात. मेनूकार्ड मागितलं तर टेबलावर चिकटवलेला काळा-पांढरा चौकोन दाखवतात, त्यावर फोन धरायचा. मॉलमध्ये गेलात तर हातात एक तबकडी देतात. ती थरथरायला लागली की आपण उठायचं, आपलं आपण आणायचं, खायचं आणि ट्रेही आपणच नेऊन ठेवायचा. थोडक्यात, वाढप्याचं काम आपण करायचं आणि वर पैसेही आपणच द्यायचे. लोक हे आनंदाने करतात, हसत हसत, पोराबाळांना घेऊन. मला त्यांची कीव येते.

मला बोलायचा अधिकार आहे, कारण बाहेर जेवणं म्हणजे काय ते मी लहानपणी बघितलंय. आमचं गाव साताऱ्याकडचं. वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते, पाठीवर गोणी वाहायचे. शाळेला सुट्टी असली की कधीतरी मला बरोबर न्यायचे. दुपारी सगळे हमाल पत्र्याखालच्या एका खाणावळीत जमायचे. भाकरी प्रत्येकाची स्वतःची, घरून फडक्यात बांधून आणलेली. खाणावळीतून घ्यायचा तो फक्त रस्सा. वाढपी बादली आणि पळी घेऊन रांगेतून फिरायचा. विचारायची पद्धत नव्हती. ताटात वाढतच राहायचा. पोट भरलं की माणूस ताटावर हात आडवा धरून म्हणायचा, "बास, बास." त्यावर वाढप्याने काय करायचं हे ठरलेलं होतं. आणखी एक पळी. हात शेवटच्या क्षणी बाजूला व्हायचा, रस्सा बरोबर ताटात पडायचा आणि दोघेही समाधानाने पुढे जायचे. पहिल्या "बास"ला थांबणारा वाढपी तिथे दुसऱ्या दिवशी दिसला नसता.

घरीही हेच. पाहुणा तीनदा नको म्हणतो आणि यजमान चौथ्यांदा वाढतो. पहिलं नको हे शिष्टाचाराचं असतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

एवढं सगळं कळत असूनही मी जे केलं ते ऐका.

माझी मुलगी ऐरोलीला एका आयटी कंपनीत आहे. तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा चांगला, बोलायला मोकळा, मूळ आमच्याच साताऱ्याकडचा. वडील कंपनीतून रिटायर झालेले, आता नेरुळला स्वतःचा फ्लॅट. पोरांचं ठरलेलंच होतं. फक्त दोन्ही घरची मोठी माणसं एकदा भेटायची बाकी होती. आता सगळं त्या एका भेटीवर होतं. मुलीने स्पष्टच सांगितलं होतं, "बाबा, त्याच्या आईला तुम्ही आवडायला पाहिजेत. तिच्या मनाविरुद्ध तो काही करणार नाही, आणि मीही त्याला करू देणार नाही."

बायको म्हणाली, "त्यांना घरी बोलवू. मी पुरणपोळी करते."

मी म्हणालो, "हल्ली असं कुणी घरी बोलवत नाही. हॉटेलात भेटतात."

मायलेकी माझ्याकडे बघतच राहिल्या. ज्या माणसाने जन्मभर हॉटेलांना नावं ठेवली तो असं बोलत होता. पण मला कारण होतं आणि ते मी दोघींनाही सांगितलं नाही. आम्ही नावड्याला राहतो. घर नीटनेटकं आहे, सोसायटीही बरी आहे. पण तळोज्याच्या कंपन्या जवळ. वारा फिरला की असा काही उग्र वास घरात घुसतो की नवा माणूस नाकाला रुमाल लावतो. आम्हाला सवय झाली. पण नेरुळच्या बाई आमच्या हॉलमध्ये बसल्यात, हातात चहाचा कप आहे आणि नेमका वारा फिरलाय, हे चित्र माझ्या डोळ्यासमोरून हलेना. वाऱ्याचा भरवसा नाही, हॉटेलाचा आहे, असा मी विचार केला. शहाणा माणूस.

हॉटेल मीच निवडलं. पाम बीच रोडला, वरच्या मजल्यावर. काचेतून खाडी दिसते म्हणे. आम्ही गेलो तेव्हा पडदे ओढलेले होते, कारण ऊन येत होतं. भर दुपारी मेणबत्त्या लावलेल्या. सगळे कुजबुजत्या आवाजात बोलत होते, एखाद्या आयसीयूच्या बाहेर बसल्यासारखे. टेबल इतकं रुंद की समोरच्याला नमस्कार केला तर त्याला तो दिसेल की नाही शंका.

जेवण मराठी होतं, म्हणजे त्यांच्या मते. झुणका एका काचेच्या चमच्यात आला, प्रत्येकी एक चमचा. थालीपीठ रुपयाच्या नाण्याएवढं, त्यावर लोण्याचा ठिपका आणि कसलंसं फूल. सोलकढीचा फेस केला होता. फेस! ज्या सोलकढीने जेवण उतरायचं तिचा साबणासारखा फेस करून ताटाच्या कडेला लावला होता. ताट मात्र परातीएवढं. हातमोजे घातलेला वेटर प्रत्येक घासाचा इतिहास सांगायचा, इंग्रजीत, आणि इतिहास घासापेक्षा जास्त वेळ चालायचा. मुलाचे वडील मन लावून ऐकत होते. मध्येच त्यांनी मला हळूच विचारलं, "जेवण कधी येनार?"

"हेच," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. भला माणूस.

मुलाच्या आईला वेटरने विचारलं, "मॅम, थोडा और?" त्या अदबीने म्हणाल्या, "नको, नको." झालं. तो पुढे गेला. पहिल्या नकोला! माझी बायको खुर्चीतून अर्धी उठली. तिच्या तोंडात "घ्या हो, घ्या ना" आलं होतं, हात पळी शोधत होता, आणि पळी तिथे नव्हतीच. तेव्हा मी काय करावं? मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. शेजारच्या टेबलावरचे लोक काटा-चमच्याने मुकाट खात होते. इथे आग्रह केला तर आपण गावठी दिसू, असं मला वाटलं. ती खाली बसली. त्यानंतर जेवण संपेपर्यंत तिने काही खाल्लं नाही, कारण पाहुणे जेवल्याशिवाय यजमानीण जेवत नाही. पाहुणे जेवत नव्हते, कारण यजमान आग्रह करत नव्हते. टेबलाभोवती सहा माणसं, सगळे चांगल्या भुकेचे, आणि सगळे थोडं थोडं उष्टावून बसलेले.

शेवटी भरलं वांगं आलं. एकच, अंगठ्याएवढं. मुलाच्या वडिलांनी ते ताटाच्या मधोमध ठेवलं आणि त्याच्या भोवतालचं खात राहिले. वेटर आला, वाकून म्हणाला, "सर, मे आय?" त्यांनी सवयीने ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "बास, बास."

वेटरने ताट उचललं आणि वांग्यासकट नेलं.

त्यांचा हात तसाच टेबलावर आडवा राहिला, खाली काही नसलेला. त्यांनी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी मेणबत्तीकडे बघितलं.

निरोप घेताना सगळं गोड झालं. मग चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी मुलगी ऑफिसातून आली ती बॅग न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"त्याची आई म्हणतेय, थांबूया. म्हणतेय, त्या घरात एकाने तोंडातून घ्या म्हटलं नाही. पाहुण्यासमोरचं ताट उचललं तरी गप्प बसले. उद्या आपल्या पोराला जावई म्हणून काय वागवणार?" मग म्हणाली, "आई घरी बोलवूया म्हणत होती ना? तुम्हाला कसली लाज वाटली बाबा? आपल्या घराची?"

मी वासाचं सांगितलं. सांगावंच लागलं.

तिने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. "तो दोनदा येऊन गेलाय आपल्याकडे. तुम्ही ड्युटीवर होता. आईच्या हातचं जेवून गेलाय. दोन्ही वेळा वास होता. त्याने विचारलंसुद्धा नाही."

आत बायकोने भांडी जरा जोरात ठेवली.

त्या रात्री मला माझीच शिसारी आली. जन्मभर लोकांच्या खोट्या थाटाला हसलो आणि वेळ आली तेव्हा लेकीचं लग्न फेसाच्या सोलकढीवर नेऊन ठेवलं. सकाळी मी मुलाच्या वडिलांना फोन केला. म्हणालो, भेटायचंय. ते तुटकपणे म्हणाले, "उद्या सकाळी मार्केटला येतो मी, भाजीला. तितंच या."

मी ज्या गोदामात कामाला आहे तिथे अर्धा दिवस रजा टाकली आणि एपीएमसीच्या भाजी मार्केटच्या गेटवर जाऊन थांबलो. ते दोन पिशव्या भरून आले. एका पिशवीतून कोथिंबीर बाहेर लोंबत होती. मी माफीचं भाषण रचून आणलं होतं. पहिलं वाक्य सुरू केलं, तर म्हणाले, "आधी खाऊ चला. सकाळधरनं पोटात काय न्हाई."

माझे वडील जायचे ती खाणावळ केव्हाच गेली. तुर्भ्याच्या बाजूला तसलीच एक आहे, लांब बाकडी, ट्रकवाले आणि हमाल, भिंतीवर घामट डाग. तिथे फूल नाही, फेस नाही, इतिहास नाही. आम्ही बसलो तशी ताटं समोर आली. त्यांनी भाजीच्या पिशवीत हात घालून एक फडकं काढलं. आत ज्वारीच्या भाकरी. एक मोडून अर्धी त्यांनी माझ्या ताटात टाकली.

"घरी का न्हाई बोलावलं?" त्यांनी विचारलं.

"हल्ली असंच..." मी सुरुवात केली. ते भाकरी चावत माझ्याकडे बघत राहिले. घाई नव्हती त्यांना. "आमच्याकडे वास येतो," मी म्हणालो. "कंपन्यांचा. तुमच्या मिसेसना कसं वाटेल म्हणून. मला लाज वाटली. त्या दिवशी आमची ही आग्रह करायला उठत होती, मीच तिला बसवलं. चूक तिची नाही. मुलीची तर नाहीच."

त्यांचं चावणं थांबलं.

"तळोज्याचा वास?"

"हो."

"सव्वीस वर्सं मी तळोज्यात काडली. बॉयलरवर. घरी गेलो की ही मला दारातच आडवायची. कपडे भायेर काडा म्हनायची." ते खाली ताटाकडे बघत म्हणाले, "पोरानं तुमाला कंपनीत होते एवढंच सांगितलं आसंल. मीच सांगितलं हुतं त्येला, बॉयलरचं बोलू नको म्हनून."

दोन सातारकर, एकाच वासापायी एकमेकांपासून लपून बसलेले.

"एक सांगू का," ते म्हणाले. "त्यो ताट घिऊन गेला ना, तवा मला वाटलं, ही मानसं न बोलता सांगत्यात, उठा आता. पोरगी द्यायची न्हाई." मग जरा थांबून, "आनि ते वांगं मी शेवटाला ठिवलं हुतं."

तेवढ्यात वाढपी बादली घेऊन आला. वांग्याचा रस्सा, तांबडा, वर तेलाचा तवंग. त्यांच्या ताटात दोन पळ्या पडल्या तसा त्यांनी हात आडवा धरला. "बास, बास." वाढपी तिसरी पळी बुडवणार तेवढ्यात मी उठलो आणि त्याच्या हातातली पळी घेतली. तो बघतच राहिला. तळाशी ढवळून मी एक अख्खं वांगं शोधून काढलं.

"घ्या," मी म्हणालो. अख्ख्या बाकड्याला ऐकू गेलं.

"नको, नको."

"घ्या हो."

"आवो, खरंच नको."

"घ्या म्हणतो ना!"

पळी तिरकी झाली तसा हात बरोबर बाजूला झाला आणि वांगं ताटात पडलं. ते त्यांनी लगेच खाल्लं, शेवटासाठी ठेवलं नाही. हात धुताना म्हणाले, "हिला सांगतो मी. रैवारी येतो घरी. वाऱ्याला सांगून ठिवा."

रविवारी ते दोघेही आले आणि बरोबर पानं वाढताना वारा फिरला. बायको लगबगीने खिडकी लावायला निघाली. मी म्हणालो, राहू दे उघडी. आणि पळी घेऊन त्यांच्या ताटाशेजारी उभा राहिलो, हात कधी आडवा होतो त्याची वाट बघत.