लहूदादांच्या आईचं चित्र

आमच्या अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या लहूदादांना लायब्ररीत एक स्विस चित्रकार सापडला आणि माझ्या डोक्याला ताप झाला. दादांची नोकरी लॅबमधली, पण दर एप्रिलला जयंतीच्या हॉलसाठी बाबासाहेबांचं चित्र तेच काढणार. आता आमच्याकडे जेवायला बसले की स्विसवाला सुरू. "अगं भावना, शंभर वर्षांपूर्वीचा माणूस, पण राजेबिजे नाही काढत बसला. बटाटे सोलणारी म्हातारी, विणकाम करणारी पोरगी, अशी गावातली साधी माणसं काढली त्यानं!" मी म्हणायचे, "दादा, वरण गार होतंय."

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात दादांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, बघवत नसे. मग पुस्तकात त्यांनी वाचलं, की स्विसवाल्यालाही म्हातारपणी असाच झटका आला होता. तेलरंगांतली मोठी चित्रं थांबली, तरी गडी जलरंगांत छोटी छोटी चित्रं काढत राहिला. झालं, दादा उठले आणि स्वतःलाच शिव्या घालत डाव्या हातानं प्रॅक्टिस करायला लागले.

काढायची होती आई. ती गेली तेव्हा दादा जेमतेम तीन वर्षांचे. फोटो एकही नाही. आठवण एवढीच: छप्पन्न सालची नागपूरची दीक्षा, तिचं पांढरंशुभ्र पातळ, तिच्या कडेवर आपण, आणि मान वर केली की दिसणारा तिचा चेहरा. तो चेहरा बरोबर आलाय का, हे सांगणारं एकच माणूस उरलं होतं, आईमागं दादांना वाढवणारी नागपूरची थोरली बहीण सुमित्राताई. उन्हाळ्यात ताई आल्या, तोवर चार महिने खपून दादांनी चित्र पुरं केलं होतं.

ताईंनी चष्मा लावला आणि बघतच राहिल्या. दादांचा जीव नुसता टांगणीला.

"ताई, आई जमली का गं?"

ताई खुर्चीत बसल्या. "लहू, आई दीक्षेच्या तीन महिने आधीच गेली रे. तू सारखा सांगायचास, आईनं कडेवर नेलं होतं. माझ्यानं कधी खोडवलं नाही." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "तुला मी नेलं होतं. सतरा वर्षांची होते. ही मी आहे."

मला बाई रडूच फुटलं. वाटलं, खचला आता हा माणूस. दादा चित्राकडे बघत राहिले, मग ताईंकडे.

"मग आईच जमलीय, ताई."