बोटाला न लागणारा रंग

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आयुष्यभर साड्यांवर स्क्रीन प्रिंटिंग केलं. आता त्यांना दिसत नाही, पण कापडावरून बोट फिरवून ते छपाईची नक्षी ओळखतात. माझ्या लेकीनं, चिमूनं, स्वतः काढलेलं चित्र एका सदऱ्यावर छापून घेतलं आणि तो त्यांच्या हातात दिला. बराच वेळ चाचपून ते म्हणाले, "कोरा आहे गं."

चिमूचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "अण्णा, डिजिटल छपाई आहे. रंग धाग्यात मुरतो."

"मग चांगलीच की. आमचा जाड रंग कापडावर बसायचा, हाताला लागायचा. पण धुऊन धुऊन सोलायचाही."

जे आत मुरतं ते टिकतं खरं, पण वरून हात फिरवणाऱ्याला ते कळायचं कसं, या विचारात मी होते. तेवढ्यात चिमूनं अण्णांचं बोट धरलं आणि चित्राच्या रेषेवरून फिरवू लागली. चोच, लांब मान, पोट, मग खाली.

"पाय एकच?" अण्णांनी विचारलं. "म्हणजे बगळा."

चिमूनं मान डोलावली. मग त्यांना दिसत नाही हे आठवून ती मोठ्यानं म्हणाली, "हो."